सायकलचा रंग सर्वांत शेवटी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका गृहस्थांना दोघांनी धरून माझ्या दवाखान्यात आणले. वय पंचावन्नच्या आसपास, शाळेत शिपाई. पुढचे दोन दात पडलेले, हनुवटी फाटलेली आणि डावा हात उजव्या हाताने छातीशी घट्ट धरलेला. हात असा धरून येणारा माणूस पाहिला की एक्स-रे काढण्याआधीच डॉक्टरला अंदाज येतो. त्यांचे कॉलरबोन मोडले होते.

"कसे पडलात?" मी विचारले.

"सायकलवरून, डॉक्टर. गतिरोधकावर आलो आणि पुढचे चाकच निघून गेले."

सायकल आठच दिवसांपूर्वी 'नवी' करून घेतलेली होती. छान निळा रंग, त्यावर पिवळ्या रेषा. आणि ती बाहेर काढा म्हणून त्यांच्या मागे लागलेला माणूस दुसरा-तिसरा कोणी नव्हता, मीच होतो.

त्याचे असे झाले. हे गृहस्थ वीस-बावीस वर्षे त्याच सायकलने शाळेत जात. शाळा घरापासून ३ किलोमीटर. २०१६ साली मुलाने जुनी मोटारसायकल घेऊन दिली आणि सायकल गोठ्यामागे गेली. पुढे वजन वाढले, गुडघे कुरकुरू लागले, उपाशीपोटी रक्तातील साखर १६२ निघाली. मी गोळ्या दिल्या आणि म्हटले, "अहो, सायकल आहे ना अजून? मग काढा ती बाहेर." सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. बाहेर काढल्यावर तिचे काय करायचे, हे मी सांगितले नाही. आजचा लेख त्या राहिलेल्या अर्ध्या सल्ल्याचा आहे.

पुढे मी आमच्या गावातील जुन्या सायकल मिस्त्रींकडे जाऊन ती मोडलेली सायकल पाहिली. पुढचे चाक ज्या चिमट्यात बसते, त्या चिमट्याची नळी हँडलखाली फ्रेमच्या आत जाते. ती नळी आतल्या बाजूलाच तुटली होती. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग तांबूस-काळा गंजलेला आणि निम्मा चकचकीत होता. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गंजलेला भाग जुन्या चिरेचा आहे. चकचकीत दिसतो तेवढाच परवा तुटला. रंगवाल्याने सायकल खोललीच नाही. चाकांना वर्तमानपत्र गुंडाळले आणि वरून फवारा मारला."

सायकल खोलली असती, तर ती चीर पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती.

माझे मत स्पष्ट आहे. जुनी, पुष्कळ चाललेली सायकल टाकून देऊ नये. ती पुन्हा उभी करावी आणि रोज वापरावी. परंतु पैसा, वेळ आणि उत्साह यांचा क्रम आपण उलटा लावतो. आधी रंग, मग घंटी, मग सीटचे कव्हर आणि पैसे उरले तर ब्रेक. हा क्रम सुलटा केला पाहिजे. आधी सायकल पूर्ण खोलावी, मग चालणारे व थांबवणारे भाग पाहावेत, मग ती आपल्या अंगाला बसवून घ्यावी आणि रंग सर्वांत शेवटी द्यावा.

मुळात एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. आता हिशेब करा. साधी काळी सायकल सावकाश चालवली तरी ताशी १२ किलोमीटर जाते. कामाची जागा ३ किलोमीटरवर असेल तर जायला १५ मिनिटे, यायला १५ मिनिटे. पाच दिवसांत १५० मिनिटे भरली. त्यासाठी पहाटे उठणे नको, बूट नकोत, व्यायामशाळेची फी नको. माझ्याकडे येणारे शेकडा नव्वद लोक "व्यायामाला वेळ मिळत नाही" असे सांगतात. सायकलला वेगळा वेळ लागतच नाही, कारण कामावर तर जायचेच असते.

२०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे पाच वर्षांच्या काळात सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण मोटारीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे ब्रिटनचे आहेत, तिथले रस्ते वेगळे, माणसे वेगळी. शिवाय सायकल चालवणारी माणसे मुळातच थोडी धडधाकट असू शकतात. हे सर्व धरले तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आणि आपल्याकडे साधन घरातच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. त्यांपैकी किती आज जिन्याखाली, गोठ्यामागे किंवा माळ्यावर गंजत आहेत, ते प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

आता कामाचे बोलू. आपण ज्याला 'ओव्हरऑइल' म्हणतो, त्याचा खरा शब्द ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून तपासणे. वरवर तेल सोडणे म्हणजे ओव्हरऑइल नव्हे. मिस्त्रींना स्पष्ट सांगावे की चिमटा बाहेर काढा, दोन्ही चाकांचे आस काढा, पायडलांचा आस काढा. आणि शक्य तर स्वतः शेजारी बसावे. फ्रेमच्या नळ्या जिथे जोडल्या आहेत ते सांधे, चिमट्याची नळी आणि पायडलांच्या आसाजवळचा खालचा भाग, जिथे पावसाचे पाणी साचते, एवढ्या जागा कोरड्या फडक्याने पुसून उजेडात पाहाव्यात. केसाएवढी चीर किंवा रंगाखाली आलेला गंजाचा फुगा दिसला तर तो भाग बदलावा. चिमट्याला वेल्डिंग करून घेऊ नये. नव्या चिमट्याची किंमत ही दोन दात बसवण्याच्या खर्चापुढे चिल्लर आहे.

छर्रे सगळेच नवे घालावेत. त्यांना फारसे पैसे पडत नाहीत आणि सायकल हलकी चालू लागते. जड चालणारी सायकल माणूस आठ दिवसांत सोडून देतो, हा माझा अनुभव आहे. चेन तपासायला शाळेची फूटपट्टी पुरते. सायकलच्या चेनची एक पिन दुसरीपासून अर्ध्या इंचावर असते, म्हणजे १२ इंचांत बरोबर २४ कड्या बसल्या पाहिजेत. त्याच २४ कड्यांनी १२ इंचांवर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त घेतला तर चेन संपली असे समजावे. झिजलेली चेन चढावर जोर दिला की दात सोडते आणि पाय निसटून माणूस दांडीवर आदळतो. त्या जागी लागलेला मार काय असतो, हे ज्याला लागला त्यालाच विचारावे.

ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झाले असेल तर झीज दिसत नसली तरी बदलावे. रिमचा आऊट काढून घ्यावा, नाहीतर ब्रेक एका जागी धरतो आणि दुसऱ्या जागी सोडतो. रिमवर, जिथे रबर घासते तिथे, रंग किंवा तेलाचा थेंबही लागू देऊ नये. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या साध्या सायकलची रिम लोखंडी असते. ती ओली झाली की ब्रेक नीट धरत नाही. पावसात नेहमीपेक्षा पुष्कळ आधी ब्रेक दाबण्याची सवय लावावी. टायरच्या कडेला भेगा पडल्या असतील तर त्यावर विसंबू नये.

यानंतर सायकल अंगाला बसवणे. गुडघेदुखीचे कितीतरी रुग्ण मला सांगतात, "सायकलने गुडघे दुखतात म्हणून सोडली." मी विचारतो, "सीट कधी वर घेतली होती का?" उत्तर बहुधा नाही असेच येते. सीट फार खाली असली की गुडघा सतत वाकलेला राहतो आणि वाटीभोवती दुखते. फार वर असली की गुडघ्याच्या मागे दुखते आणि कंबर डावी-उजवी हलते. मोजमाप सोपे आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. एवढी उंची योग्य. वयस्कर माणसांनी थांबताना पाय टेकावा म्हणून त्याहून बोटभर खाली ठेवली तरी चालेल. सीटची नळी किमान अडीच इंच फ्रेमच्या आत राहू द्यावी. सीटचे टोक वर उचललेले नसावे, त्याने मांड्यांमधील भागाला बधिरता येते. करंगळी व शेजारचे बोट बधिर होत असेल तर हातावर भार जास्त पडतो आहे, तेव्हा हँडल थोडे वर घ्यावे.

वडिलांची २४ इंची सायकल मुलाला द्यायची असेल तर आधी त्याला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे करावे. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि दांडी अंगाला लागता कामा नये. लागत असेल तर ती सायकल त्याची नव्हे. उलटही खरे आहे. मुलीची शाळा संपली आणि तिची सायकल पडून असेल तर ती आईने का वापरू नये? दांडी खाली असलेली ती सायकल साडीवरही चालवता येते आणि उतरायला सोपी जाते.

आता रंग. रंगाला माझा विरोध नाही. गंज थांबवायला तो हवाच. आणि दुसरे एक कारण आहे, ते कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आपल्या गावात पन्नाशीचा माणूस सायकलवर दिसला की लोक त्याच्या परिस्थितीचा हिशेब मांडतात. मोडकी, गंजकी सायकल चालवायला माणसाला लाज वाटते, आणि लाज वाटली की सायकल पुन्हा गोठ्यामागे जाते. चकचकीत सायकलवर तोच माणूस ताठ बसतो. तेव्हा रंग जरूर द्यावा, पण तो कसा द्यावा याला आरोग्याचे नियम आहेत.

पहिला नियम, जुना रंग कोरडा खरवडू नये. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या सायकलवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिशाचे क्षार सर्रास असत. गंज रोखणारे लाल अस्तर पुष्कळदा शेंदराचे असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. आज दुकानात मिळणारे रेड ऑक्साइड वेगळे. ते लोखंडाचे, आपल्या गेरूच्या जातीचे. परंतु जुने अस्तर खरवडताना ते यातले कोणते, हे डोळ्यांना कळत नाही.

शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर रक्त कमी होते, पोटात दुखते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊन मूल अभ्यासात मागे पडते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण माहीत नाही. म्हणून पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनेच घासावे. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळू नये. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि तो सगळा चिखल गुंडाळून उचलावा. विहिरीजवळ, अंगणातल्या मातीत किंवा कोंबड्या टिपतात तिथे टाकू नये. ते कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या जागेपासून दूर असाव्यात.

दुसरा नियम, थिनर, पेट्रोल, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. हे मी कळकळीने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका घरी सुटीच्या दिवशी अशीच सायकल रंगवण्याची धामधूम चालू होती. उरलेले थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून ओट्यावर ठेवले होते. अडीच वर्षांच्या मुलाने ते तोंडाला लावले. घाबरून घरच्यांनी त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवली. माझ्याकडे आणले तेव्हा मूल भराभर श्वास घेत होते, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवले. न्यूमोनिया झाला, चार दिवस प्राणवायूवर राहिले, पण वाचले.

थिनर, रॉकेल, पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेले तर जास्त घातक ठरते, आणि उलटी करवताना ते हमखास वर येऊन श्वासनलिकेत उतरते. म्हणून उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध काहीही बळेच पाजू नये. भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, ती बाटली बरोबर घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. मूल खोकत असेल किंवा धापत असेल तर पाच मिनिटेही थांबू नये.

तिसरा नियम, रंग उघड्यावर द्यावा. दार-खिडक्या लावून, 'धूळ बसेल' म्हणून बंद खोलीत देऊ नये. तोंडाला बांधलेल्या रुमालाने धूळ थोडी अडते, थिनरची वाफ मुळीच अडत नाही. डोके जड झाले, मळमळले की काम थांबवून मोकळ्या हवेत जावे. दोन डब्यांतील रंग मिसळून फवारतात त्या पीयू रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. ते काम घरी करूच नये. साधा ऑइलपेंट ब्रशने, पातळ दोन हात, दिवाळी ते होळीच्या कोरड्या हवेत दिला तर वर्षानुवर्षे टिकतो. पावसाळ्यात दिला तर दमट हवा रंगाखाली अडकते आणि गंज आतून चालूच राहतो. चार पैसे जास्त खर्चायची तयारी असेल तर पावडर कोटिंग उत्तम. त्यात थिनर नसते. कोरडी पूड फवारून सुमारे १८० ते २०० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजतात. त्यासाठी सायकल पूर्ण खोलावीच लागते, हा त्यातला आणखी एक फायदा!

रंग निवडताना एवढेच पाहावे की संध्याकाळी तो दिसेल. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा असे. रंगवणारे हल्ली तो शोभेचा समजून बुजवून टाकतात. तो ठेवावा. मागे लाल, पुढे पांढरे आणि दोन्ही पायडलांना पिवळे रिफ्लेक्टर लावावेत. पायडलांचे विशेष, कारण ते वर-खाली हलतात आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला लांबूनच कळते की पुढे सायकलवाला आहे.

काही सूचना माणसांसाठी. छातीत दुखते, थोड्या श्रमाने धाप लागते, रक्तदाब आटोक्यात नाही, चक्कर किंवा फिट येते, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम फुटला, हात थरथरले की उतरून ती तोंडात टाकावी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत.

त्या शिपाई गृहस्थांचे काय झाले, ते सांगून थांबतो. कॉलरबोन सहा आठवड्यांत जुळले. दात बसवले. मला वाटले होते, आता हे सायकलचे नाव काढणार नाहीत. पण ते स्वतःच मिस्त्रींकडे जाऊन बसले. सायकल पूर्ण खोलली, नवा चिमटा, नवे छर्रे, ब्रेकचे नवे रबर. सीट दोन इंच वर घेतली. परत रंगवायला मात्र त्यांनी पैसे खर्च केले नाहीत. चिमटा तेवढा काळा आणि बाकी सायकल निळी, अशीच ती आज शाळेत जाते. तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर १२८ आली. त्यात गोळ्यांचा वाटा आहेच, पण गोळ्या आधीही चालू होत्या. गुडघ्याची तक्रार त्यांनी त्यानंतर केलेली नाही.

येत्या रविवारी आपापल्या घरची सायकल उजेडात आणा. हवा भरण्याआधी आणि रंगाच्या दुकानात जाण्याआधी ती मिस्त्रींकडे न्या आणि सांगा, "खोला, आणि मला चिमटा दाखवा."